चोवीस गेजचा दिवस

पहाटे ५.१५

आधी खिशात मायक्रोमीटर जातं, मग पैसे. मायक्रोमीटर जुनं आहे, फडक्यात गुंडाळलेलं, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं. पैसे पंधरा हजार, रबर लावून. कुहीचे हे पत्र्याचे मिस्त्री आज नागपूरला माल आणायला निघालेत, आणि त्यांच्याबरोबर मी. मार्चचा मध्य आहे, कुलरचा सीझन लागलाय. आठ बॉड्यांची ऑर्डर आहे आणि दुकानात पत्रे उरलेत दोन.

वहिनींनी, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नीने, चहा ठेवलाय. आठ वाजता त्या सातऱ्यावर जातील, मिरचीचे देठ खुडायला. तिथली मजुरी किलोवर मिळते. मिस्त्रींचाही हिशेब किलोवरच चालतो. डबा एकाच वेळी दोघांचा भरला जातो. पोळ्या, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा.

पहाटे ५.५०

एसटी. मिस्त्री खिडकीशी. पूर्वी इथून नॅरोगेजची गाडी जायची, नागपूर-नागभीड. २०१९ मध्ये ती ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. "गाडीत पत्राही आणला आम्ही," मिस्त्री सांगतात. पाचगावच्या अलीकडे उजाडतं. गिट्टीच्या खाणींकडे ट्रक निघालेत. मिस्त्री डोळे मिटून घेतात. दिघोरी येईपर्यंत ते झोपतात, आणि बरोबर दिघोरीला जागे होतात.

सकाळी ७.४०

पूर्व नागपुरातली एक शेड. आत शिरल्या शिरल्या तेलाचा वास येतो. हे स्लिटिंगचं काम. कारखान्यातून आलेली रुंद कॉइल इथे उलगडायची, उभ्या रेषांत चिरायची, आणि अरुंद पट्ट्यांच्या कॉइली करून पुन्हा गुंडाळायच्या. आज मशीनवर जी कॉइल चढणार आहे तिची रुंदी १२५० मिलिमीटर, वजन चार टनांच्या वर. तिच्यावरच्या कागदी टॅगवर सगळं लिहिलेलं आहे: कॉइलचा नंबर, जाडी, रुंदी, आणि जस्त किती ते. १२० जीएसएम. एका चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजूंचं मिळून १२० ग्रॅम जस्त. एका बाजूला ६० ग्रॅम, म्हणजे साडेआठ मायक्रॉनच्या आतबाहेरचा थर. आमच्या घराघरातल्या कुलरचं आयुष्य एवढ्याशा थरावर अवलंबून असतं.

ऑपरेटर चाळिशीचा आहे. बारा तासांची पाळी, महिना सोळा हजार. तो चाकू लावतोय. चाकू म्हणजे गोल पोलादी चकत्या, मध्ये भोक असलेल्या. दोन जाड दांडे आहेत, एक वर, एक खाली. त्यांना आर्बर म्हणतात. आर्बरवर एक चाकू, मग मापाचा स्पेसर, मग रबराची कडी, मग पुन्हा चाकू. वरचा आणि खालचा चाकू एकमेकांना घासायचे नाहीत, पण फार लांबही राहायचे नाहीत. मधली फट पत्र्याच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाच्या आत. अर्धा-पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याला ती फट मिलिमीटरच्या पाच-सहा शंभरांश भागांएवढी येते. डोळ्याला ती दिसत नाही. ऑपरेटर शिमची पातळ चकती घालतो, काढतो, पुन्हा घालतो. यात पाऊण तास जातो, आणि या पाऊण तासात त्याच्याशी कोणी बोलत नाही.

आजची कापणी ४४ मिलिमीटरची. अठ्ठावीस पट्ट्या. अठ्ठावीस गुणिले चव्वेचाळीस, १२३२. उरले १८ मिलिमीटर. दोन्ही कडांना नऊ-नऊ मिलिमीटरचा काप सुटणार, तो भंगारात. पट्ट्या जाणार फॉल्स सीलिंगचे चॅनेल बनवणाऱ्याकडे.

सकाळी ८.३०

कॉइल मँड्रेलवर चढली. मँड्रेल आतून फुगतं आणि कॉइलला पोटातून घट्ट धरतं. आता बांधलेल्या पोलादी पट्ट्या कापायच्या. "समोरून हटा," ऑपरेटर ओरडतो. वरून एक दाबदांडा कॉइलवर टेकवलेला आहे, तरी सगळे बाजूला होतात. गुंडाळलेल्या पत्र्यात ताण असतो. बंद तुटला की मोकळं टोक फटकन उसळतं. ऑपरेटरच्या डाव्या कोपराखाली लांब पांढरा व्रण आहे. तो दाखवत नाही, पण बाही वर केली की दिसतो.

मशीन सुरू होतं. पत्रा चाकूंत शिरतो आणि पलीकडे अठ्ठावीस पट्ट्या होऊन निघतो. मला वाटलं होतं की पट्ट्या तिथून सरळ गुंडाळल्या जातील. तसं नाही. मध्ये जमिनीत एक खोल खड्डा आहे, लूप पिट. पट्ट्या आधी त्या खड्ड्यात लोंबतात. कारण रोलिंगमधून आलेला पत्रा मध्यभागी किंचित जाड असतो आणि कडेला पातळ. फरक केसाएवढाही नसतो, पण शेकडो वेढे बसले की साचत जातो. मधल्या पट्टीचं चाक मोठं होतं, ते जास्त पट्टी खेचतं. कडेची पट्टी मागे राहते, सैल पडते. ती सैल पट्टी खड्डा पोटात घेतो. पुढे फेल्टच्या दोन गाद्या सगळ्या पट्ट्यांना सारखं दाबतात, मगच गुंडाळणी. ऑपरेटर मला समजावतो. कडेच्या खाली लोंबतात, मधल्या ताणलेल्या राहतात. तो बोटाने दाखवतो. खरंच, दोन्ही कडांच्या पट्ट्या खड्ड्यात खोल उतरल्यात.

मिस्त्री एका पट्टीच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवतात. बोट नाही, नख. बोट फिरवलं तर कापतं. चाकू बोथट झाला किंवा फट वाढली की कडेला बर येतो, धारेसारखा उभा राहिलेला लोखंडाचा कण. नख अडकलं नाही. मिस्त्रींनी मान डोलावली.

त्यांना हवी सोळा किलो पट्टी. एवढ्यासाठी कोणी मशीन लावत नाही. कॉइल संपताना पट्ट्यांची टोकं उरतात, शेपट्या म्हणतात त्यांना. मागच्या आठवड्याच्या शेपट्या कोपऱ्यात पडल्यात. मिस्त्री एकेक पट्टी फरशीवर पसरतात आणि बाजूला दोरी ताणून धरतात. काही पट्ट्या दोरीला चिकटून बसतात. काही मध्येच बाहेर वाकतात, धनुष्यासारख्या. त्याला कॅम्बर म्हणतात. कॅम्बर असलेल्या पट्टीचा कोपरा कधीच गुण्यात येत नाही. पाच पट्ट्या बाजूला टाकल्या. उरलेल्या काट्यावर सोळा किलो. कापणावळ धरून ८० रुपये किलो, १२८० रुपये.

सकाळी ९.१५

चहाची टपरी. मिस्त्री तरुणपणी ठेकेदाराकडून गॅल्व्हनायझिंगच्या लाइनवर कामाला होते. ती लाइन त्यांनी अजून हातात धरून ठेवलीय. बोलताना हात आपोआप हलतो. आधी जाड हॉट रोल्ड कॉइल येते, दोन-अडीच मिलिमीटरची, अंगावर काळी खपली घेऊन. ती आम्लाच्या टाक्यांतून जाते, त्याला पिकलिंग म्हणतात. खपली निघते. मग थंडच रोलमध्ये दाबतात, पाव जाडीपर्यंत. एवढं दाबल्यावर पत्रा कडक होतो, वाकवला तर तुटतो. म्हणून भट्टीतून काढतात, सातशे-आठशे अंशांवर, म्हणजे तो पुन्हा नरम येतो. आणि भट्टीतून हवा न लागू देता सरळ वितळलेल्या जस्तात. ४६० अंशांच्या आसपासचं जस्त. पत्रा त्यातून वर येताना दोन्हीकडून हवेचा फवारा मारतात. तोच जास्तीचं जस्त खाली पाडतो. १२० जीएसएम ठेवायचं की २७५, ते त्या फवाऱ्याच्या दाबावर आणि पत्र्याच्या वेगावर ठरतं.

भट्टी आणि जस्ताची टाकी एकाच अखंड ओळीत जोडायची ही रीत १९३० च्या दशकात पोलंडच्या ताड्यूश सेंजिमिरने बसवली. त्याआधी पत्रे एकेक करून बुडवत. आपल्या नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरला असा मोठा कारखाना आहे, आधी इस्पातचा. २०१० च्या अखेरीस इस्पात जेएसडब्ल्यूने घेतली. पोलादात मँगनीज लागतं, गंधकाला बांधून ठेवायला, नाहीतर तापलेलं पोलाद रोलमध्ये फुटतं. आणि मँगनीज निघतं रामटेकच्या बाजूला, मनसर आणि कांद्रीला, तसंच भंडाऱ्याच्या डोंगरी बुजुर्गला. मिस्त्री एवढं लांबचं बोलत नाहीत. ते म्हणतात, "आधीच्या पत्र्यावर फुलं मोठी असायची. आता बारीक झाली." ते खरं आहे. पूर्वी जस्ताच्या टाकीत शिसं असायचं, त्याने स्फटिक मोठे फुलत. शिसं कमी केलं, फुलं बारीक झाली. पत्रा त्याने वाईट होत नाही.

दोन चहा, वीस रुपये. मिस्त्रींनी दिले, मला देऊ दिले नाहीत.

सकाळी १०.००

इतवारीतली लोहाओळी. हातगाड्या, हमाल, पत्र्यांचा खणखणाट. व्यापारी ओळखीचा आहे, पण मोजमापात ओळख चालत नाही. मिस्त्री फडकं सोडतात.

"चोवीस आहे न?"

"चोवीसच आहे, भाऊ."

"मोजून घेऊ न जी."

गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. २४ गेज म्हणजे ०.५६ मिलिमीटर. २६ म्हणजे ०.४६. २८ म्हणजे ०.३८. मायक्रोमीटर कडेवर लावायचं नाही, कड पातळ असते. इंचभर आत लावायचं. तीन ठिकाणी लावलं. ०.५६, ०.५५, ०.५६. यात जस्तही आलं, दोन्ही बाजूंचं मिळून ०.०१७ च्या जवळपास. मिस्त्री समाधानी.

दुसरी थप्पी किलोमागे तीन रुपयांनी स्वस्त आहे. मिस्त्री दोन पत्र्यांच्या मधून बोट घालून वरचा पत्रा उचलतात. आत पांढरी भुकटी, नकाशासारखे डाग. पत्रे ओले असताना एकमेकांवर दाबून ठेवले की हवा लागत नाही आणि जस्तच खराब होतं. पांढरा गंज. लोखंड अजून गंजलेलं नसतं, पण त्याचं पांघरूण अर्धं गेलेलं असतं. कोणी हा पत्रा पुसून रंगवून विकला तर गिऱ्हाइकाला कळणार नाही. मिस्त्रींनी पत्रा खाली ठेवला. "टाकीले नाही चालत," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी एक तुकडा मागितला, तळहाताएवढा. तो पूर्ण दुमडला, हातोडीने ठोकून चपटा केला, आणि घडीची बाहेरची बाजू उजेडात धरली. जस्त सुटलं असतं तर तिथे बारीक पापुद्रे दिसले असते. नव्हते. बारा पत्रे घेतले, आठ फूट बाय चार फूट. काट्यावर १५७ किलो. ७८ रुपये किलोने १२,२४६ रुपये.

मिस्त्री नगावर पत्रा घेत नाहीत. नगावर घेतला आणि ०.५६ ऐवजी ०.५२ चा निघाला, तर एका पत्र्यामागे जवळपास एक किलो लोखंड कमी. आजच्या भावाने ७३ रुपये. आणि ०.०४ चा फरक हाताला कळत नाही. मी दोन्ही पत्रे उचलून पाहिले, मला नाही कळला.

सकाळी ११.१०

कुहीकडे रिकामा परतणारा छोटा हत्ती टेम्पो मिळाला. भाडं ५००, हमालाचे ६०. पत्र्यांच्या खाली लाकडी पट्ट्या, वर जुनी सतरंजी. मिस्त्री मागे पत्र्यांजवळ बसले, पुढे नाही. गतिरोधक आला की पत्रे एकमेकांवर घासतात आणि जस्त खरडतं. प्रत्येक गतिरोधकाआधी ते थप्पीवर हात दाबून धरतात.

दुपारी १२.४०

दुकान म्हणजे बारा बाय तीसची शेड, वरती पत्राच. आत ३८ अंश तरी असतील. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीसच्या वर जातं, तेव्हा इथे काय होत असेल ते इथे काम करणाऱ्यालाच माहीत.

हेल्पर पोरगा सकाळपासून हातप्रेसवर झडपा पाडतोय. झडपा म्हणजे कुलरच्या तिन्ही बाजूंना असतात त्या तिरप्या फटी, हवा आत घेणाऱ्या. एका बाजूला अठरा. प्रेसचं वजनदार चाक फिरवायचं, ठप्पा खाली येतो, पत्रा चिरतो आणि फुगवतो. त्याच्या घरच्यांचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. तो पुनर्वसनाच्या वस्तीत जन्मलाय, मूळ गाव त्याने पाहिलेलं नाही. कॉलेजही करतो. रोज ४५० रुपये, जेवण घरचं.

"काका, लाइट दोनदा गेली," तो सांगतो. हातप्रेसला लाइट लागत नाही, म्हणून काम थांबलं नाही.

जेवण. पंधरा मिनिटं.

दुपारी १.१५

आखणी. मिस्त्री पोलादी सुईने पत्र्यावर रेषा ओढतात. जिथे घडी पडणार तिथे मात्र पेन्सिल. सुईने जस्तावर ओरखडा येतो आणि घडीवर ओरखडा असला की तिथूनच गंज सुरू होतो. हा नियम त्यांनी स्वतःच ठरवलाय आणि पोराकडून कडक पाळून घेतात.

टाकी सगळ्यात आधी. दोन फूट बाय दोन फूट, आठ इंच खोल. तळाचे २४ इंच, दोन भिंतींचे ८ आणि ८, वरच्या कडेला दुमडायला दोन्हीकडे अर्धा-अर्धा. ४१ इंच. चौरस, ४१ बाय ४१. चार फुटी पत्र्यातून सात इंचांची पट्टी उरते, ती वरच्या झाकणाच्या कडांना जाते. एका बॉडीला दीड पत्रा लागतो. उरलेले तुकडे हिशेबात बसवताना मिस्त्री सगळ्यात जास्त वेळ घेतात. तोंडाने आकडे पुटपुटतात.

कापून झालेल्या प्रत्येक तुकड्यावर एक बाण काढलेला असतो. पत्रा रोलमधून ज्या दिशेने आला ती दिशा, आठ फुटांची बाजू. त्या दिशेला समांतर घडी घातली तर बाहेरची बाजू लवकर तडकते. आडवी घडी जास्त सोसते. तुकडा कापल्यावर दिशा ओळखता येत नाही, म्हणून बाण. पूर्ण दुमडायची कड शक्यतो बाणाला आडवी ठेवायची.

दुपारी २.१०

फोल्डिंग मशीन हाताचं आहे. दोन जबडे आणि पुढे उचलायची लांब फळी. पत्रा जबड्यात सरकवायचा, पेन्सिलची रेघ जबड्याच्या कडेशी आणायची, दाबायचं, आणि दोघांनी दोन्ही टोकांना धरून फळी एकदम वर उचलायची. एकाने आधी उचलली की घडी वाकडी. दोघे एकमेकांकडे बघतही नाहीत, तरी फळी एकदम उठते.

काटकोनात घडी हवी असेल तर काटकोनाच्या दोन अंश पुढे न्यावं लागतं. सोडलं की पत्रा परत येतो, साधारण दोन अंश. स्प्रिंगबॅक. सगळे पत्रे सारखेच परत येत नाहीत. म्हणून नव्या लॉटचा पहिला तुकडा नेहमी चाचणीचा. मिस्त्रींनी घडी घातली, गुण्या लावला, डोळा बारीक करून कोपऱ्यातून उजेड पाहिला. अजून अर्धा अंश. पुढच्या घडीला फळी किंचित जास्त उचलली. आता गुण्याआडून उजेड दिसत नाही.

टाकीचा कोपरा मला फार आवडला. स्वस्त कुलरमध्ये कोपरा कापतात, एकावर एक चढवतात, दोन रिव्हेट मारतात आणि वरून एम-सील लावतात. मिस्त्री कोपरा कापतच नाहीत. पाकिटासारखा आत दुमडतात आणि ती तीन पदरी घडी भिंतीला चिकटवून, लाकडी हातोडीने हळूहळू बसवतात. लोखंडी हातोडी इथे चालत नाही, जस्त फुटतं. एका कोपऱ्याला सात-आठ मिनिटं. कापलेला कोपरा दीड मिनिटात होतो. पण कापलेल्या कडेवर जस्त नसतं, नुसतं लोखंड उघडं असतं. शेजारचं जस्त स्वतः झिजून त्या कडेला थोडा वेळ वाचवतं. सतत पाण्यात असलेल्या कडेला फार वेळ वाचवू शकत नाही. आणि इकडचं बोअरचं पाणी खारं. कुलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. रोज थोडे, चार महिने. न कापलेल्या कोपऱ्यात कापलेली कडच नसते, त्यामुळे पाण्याला शिरायला जागा नसते.

चौथ्या कोपऱ्यावर पोरगा हातोडी चालवतो. मिस्त्री बघतात. "आस्ते मार बे. जस्त आहे थे."

दुपारी ३.३०

लाइट गेली. ड्रिल थांबलं. मिस्त्री पंच आणि हातोडी काढतात आणि भोकं हातानेच पाडायला लागतात. ४४ मिलिमीटरची पट्टी मध्ये दुमडून काटकोन केलेला आहे, बावीस आणि बावीस. चार उभे कोपरे, वर-खाली आडवे. पॉप रिव्हेट. चिमट्याने खिळा खेचला की आतलं टोक फुगून बसतं आणि खिळा टक्‌ करून तुटतो.

वेल्डिंग का नाही, असं मी विचारलं. वेल्डिंगने काम निम्म्या वेळात होईल. मिस्त्री म्हणाले, लाइनवरून सुटल्यावर दोन वर्षं त्यांनी जस्ती पाइप वेल्ड केले. जस्त ९०७ अंशांना उकळतं, वेल्डिंगची ठिणगी त्याहून कितीतरी गरम. पांढरा धूर निघतो. "दिवसभर ओढला का रात्री हुडहुडी. अंग ठणकते, तोंडाले गोड लागते. सकाळी उतरते." डॉक्टर याला धातूच्या धुराचा ताप म्हणतात. शिवाय वेल्ड केलेल्या जागी जस्त जळून जातं आणि पहिला गंज तिथेच येतो. म्हणून रिव्हेट. एका बॉडीला सत्तरच्या आसपास.

दुपारी ४.४५

मांढळकडचं गिऱ्हाईक. शेतकरी, सोबत मुलगी. मागच्या वर्षीचा कुलर टाकीतून गळायला लागलाय.

"मिस्त्री, बजारात पाचशेनं कमी भेटते न?"

"भेटते न जी. आणा इथं, वजन करू."

मिस्त्री कोपऱ्यातली कालची तयार बॉडी वजनकाट्यावर ठेवतात. वीस किलोला थोडी कमी. मग समजावतात. दीड पत्रा २४ गेजचा, साडेएकोणीस किलो, काप गेला की अठरा, वर पट्टीचे दोन. तोच दीड पत्रा २८ गेजचा घेतला तर सव्वातेरा किलो. किलोला ७८. फरक ४९० रुपये. "पाचशे रुपये त्यानं नाही सोडले. लोखंड कमी लावलं."

शेतकऱ्याने टाकीच्या कोपऱ्यात हात घालून पाहिला. मुलीने विचारलं, हिरव्या रंगाची मिळेल का. मिळेल. दोनशे रुपये आगाऊ दिले.

सायंकाळी ६.००

टाकीला आतून डांबराचा हात. पातळ, दोनदा. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. त्याआधी कोपऱ्यात कापड फिरवून धूळ काढायची, तेलाचा डाग असेल तर रॉकेलच्या बोळ्याने पुसायचा. कारखान्यातून पत्र्यावर तेलाचा हात आलेला असतो, त्याच्यावर डांबर धरत नाही. काल डांबर लावलेल्या टाकीत पोराने पाणी भरलं. तळ आणि कोपऱ्यांखाली कोरडा पेपर पसरला. सकाळी पेपर ओला दिसला तर टाकी उघडून पुन्हा. या सीझनमध्ये एक टाकी अशी परत उघडली.

सायंकाळी ७.००

हिशेबाची वही. एका बॉडीला पत्रा १,५३०. पट्टी १६०. रिव्हेट, नटबोल्ट, डांबर, रंग १४०. हेल्पर २२५, कारण रोज दोन बॉड्या होतात. गाडी आणि हमाली ७०. भाडं आणि वीज ७५. झाले २,२००. विकतात २,७५० ला. पंखा, मोटर, पंप आणि ताट्या गिऱ्हाईक वेगळ्या घेतं. एका बॉडीला ५५० रुपये उरतात.

आज माल आणायचा दिवस. आज एकच बॉडी झाली, तीही रंगवायची राहिली. पोराला ४५० पूर्ण दिले. मेच्या अखेरीस हे काम थांबतं. मग धान्याच्या कोठ्या, पावसाळ्याआधी घरांच्या पन्हाळी, शाळेच्या पेट्या. दिवाळीनंतर कोठ्यांना जोर येतो, धान निघालेलं असतं.

वहिनी सातऱ्यावरून आल्यात. बोटं लाल. हात धुतल्याशिवाय त्या डोळ्यांना हात लावत नाहीत. मिस्त्रींच्या बोटांवर आज दोन नवे काप. दोघं एकाच मोरीवर हात धुतात.

रात्री ८.००

वाचकहो, या उन्हाळ्यात पत्र्याचा कुलर घ्याल तेव्हा नुसता रंग आणि पंख्याचा वारा बघून घेऊ नका. पंखा, पंप, ताट्या काढून रिकामी बॉडी काट्यावर ठेवायला सांगा. दोन फुटी बॉडी वीस किलोच्या आसपास भरली तर पत्रा २४ गेजचा. चौदाला थांबली तर २८ चा. टाकीच्या कोपऱ्यात हात घाला, तिथे एम-सील लागत असेल तर कोपरा कापलेला आहे. पत्र्यावर जस्त किती जीएसएम आहे ते विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर पत्र्याचा टॅग दाखवायला सांगा. सीझन संपला की टाकीतलं पाणी काढून, तळाचा पांढरा थर धुऊन, कोरडी करून ठेवा. आणि मिस्त्रीने पाचशे रुपये जास्त सांगितले, तर घासाघीस करण्याआधी त्याला वजन विचारा.